पॅराशूटची घडी कुणी घालायची?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. त्यांची मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत असते. पाच दिवस कॉम्प्युटरसमोर आणि शनिवार-रविवार चक्क विमानातून उड्या! स्कायडायव्हिंगचा कोर्स लावलाय तिनं. ‘उडी मारणार म्हणाली तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला होता,’ असं त्या लिहितात. ‘पण परवा फोनवर म्हणते कशी, आई, आता माझं पॅराशूट मीच भरायला शिकणार. तेव्हापासून झोप उडालीय. अंथरुणावरची चादर कधी धड घडी न घालणारी मुलगी ही! नवशिक्या पोरींच्या हातात असलं काम देतातच कसं?’

पत्र वाचून हसू आलं खरं. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हा प्रश्न फक्त आईलाच पडतो असंही नाही. वर्षानुवर्षं उड्या मारणाऱ्यांमध्येसुद्धा यावर चांगलेच वाद रंगतात. एक पक्ष म्हणतो, जीव तुमचा, तेव्हा घडीही तुम्हीच घाला. दुसरा म्हणतो, शिकाऊ माणसानं शिकाऊ हातांनी भरलेलं पॅराशूट घालून उडी मारावी, यात कसलं आलंय शहाणपण? तेव्हा मैत्रिणींनो, आज जरा हीच घडी उलगडून पाहू.

पाठीवर एक नाही, दोन

आधी थोडा दिलासा. स्कायडायव्हरच्या पाठीवर जी पिशवी असते, तिच्यात एक नाही, दोन पॅराशूट असतात. खालच्या कप्प्यात मुख्य आणि वरच्या कप्प्यात राखीव. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर एक हँडल ओढून ते सोडून द्यायचं आणि दुसरं हँडल ओढून राखीव उघडायचं. जमिनीवर असताना याचा इतका सराव करून घेतात, की झोपेतही हात आपोआप तिकडे जावा.

हे राखीव पॅराशूट मात्र कुणाही सोम्यागोम्यानं भरायचं नसतं. अमेरिकेत त्यासाठी सरकारी परवानाधारक ‘रिगर’ लागतो. वय किमान अठरा, त्या प्रकारची निदान वीस पॅराशूटं आधी भरलेली आणि वर लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक अशा परीक्षा. एवढं झाल्यावर परवाना मिळतो. रिगर राखीव पॅराशूट तपासून भरतो, दोरा बांधून त्याला शिशाचं सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. ते कधी उघडायची वेळ आली नाही तरी १८० दिवस उलटले, की पुन्हा बाहेर काढून, तपासून, नव्यानं भरावं लागतं.

मुख्य पॅराशूटचा नियम मोठा गमतीचा आहे. ते रिगर भरू शकतो, रिगरच्या थेट देखरेखीखाली आणखी कुणी भरू शकतं, नाहीतर ते घालून पुढची उडी जी व्यक्ती मारणार, ती स्वतः भरू शकते. म्हणजे बघा हं, स्वतःच्या जिवासाठी परवाना लागत नाही, दुसऱ्याच्या जिवासाठी मात्र लागतो!

पहिल्या उडीला काय?

अगदी पहिल्या उडीला कुणी नवशिकीच्या हातात घडी देत नाही. बहुतेक जणी हौस म्हणून जी उडी मारतात ती ‘टँडम’. त्यात तुम्हाला प्रशिक्षकाच्या अंगाला पट्ट्यांनी बांधतात आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. तुमचं काम फक्त सांगितलेलं ऐकायचं आणि जमलं तर डोळे उघडे ठेवायचे!

रीतसर शिकायचं ठरवलं, तर सुरुवातीच्या उड्यांना प्रशिक्षक सोबत असतात. पॅराशूट शाळेचं असतं आणि ते शाळेच्या पॅकरनं भरलेलं असतं. विद्यार्थ्यांच्या राखीव पॅराशूटला एक छोटं यंत्रही जोडलेलं असतं. ‘सायप्रेस’ हे त्यातलं नावाजलेलं यंत्र १९९१ मध्ये जर्मनीत तयार झालं. माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला आणि जमीन जवळ आली तरी वेगानं कोसळतच असेल, तर सुमारे साडेसातशे फुटांवर ते राखीव पॅराशूट आपलं आपण सोडतं.

मग भरायला शिकवतात ते केव्हा? हळूहळू, उड्यांसोबतच. अमेरिकेत पहिला, म्हणजे ‘ए’ परवाना मिळवायला किमान पंचवीस उड्या लागतात आणि आपलं मुख्य पॅराशूट स्वतः भरता येतं, हेही दाखवावं लागतं. आधी पाहायचं, मग कुणीतरी शेजारी उभं असताना करायचं, मग एकटीनं करून तपासून घ्यायचं. आपल्याकडे मुलीला पुरणपोळी शिकवतात तसंच की! पहिल्या दिवशी काही सणाचा सगळा घाट तिच्यावर टाकत नाहीत.

निऱ्या घालाव्यात तशा

आता ही घडी घालतात तरी कशी? पूर्वीची छत्रीसारखी गोल पॅराशूटं खेळातून जवळजवळ गेली. आताचं पॅराशूट लांबट चौकोनी असतं. नायलॉनच्या कापडाचे दोन थर आणि मध्ये सात किंवा नऊ कप्पे. पुढच्या बाजूनं कप्प्यांत हवा भरली, की ते पंखासारखं फुगतं. विद्यार्थिनीचं पॅराशूट दोनशे चौरस फुटांच्याही वर असतं, म्हणजे घरातल्या मोठ्या खोलीएवढं कापड. ते शाळेच्या दप्तराएवढ्या जागेत बसवायचं.

जमिनीवर सतरंजी नाहीतर ताडपत्री अंथरून काम सुरू होतं. आधी दोऱ्या वरपासून खालपर्यंत सरळ आहेत ना, कुठे पीळ किंवा गाठ नाही ना, हे हातानं चाचपायचं. दिशा वळवायच्या दोऱ्या त्यांच्या जागी अडकवायच्या. मग दोऱ्या खांद्यावर घेऊन कापड समोर लोंबतं सोडायचं आणि दोऱ्यांच्या रांगांमधलं कापड एकेक करून बाहेर काढत डावी-उजवीकडे सारख्या निऱ्या घालायच्या. साडी नेसवताना आपण चिमटीत निऱ्या धरून सारख्या करतो, अगदी तसं.

दोऱ्यांवर ‘स्लायडर’ नावाचा एक चौकोनी कापडी तुकडा असतो. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या कड्यांतून दोऱ्या गेलेल्या असतात. तो भरताना पार वर, कापडाला टेकवून ठेवायचा. हे फार महत्त्वाचं. पॅराशूट उघडायच्या आधी माणूस ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगानं खाली येत असतो. स्लायडर हळूहळू खाली सरकतो, म्हणून पॅराशूट तीन-चार सेकंद घेत उघडतं. तो खालीच राहिला तर असा हिसका बसतो, की हाडं मोडावीत.

मग सगळं कापड गुंडाळून जमिनीवर ठेवायचं, अंगाचा भार देऊन हवा काढायची, नागमोडी घडी करून आतल्या थैलीत कोंबायचं. नवं कापड इतकं बुळबुळीत असतं, की ओल्या साबणासारखं हातातून सुटतं. नव्या मुलींना रडू येतं ते इथंच. पुढे दोऱ्या रबरबँडमध्ये अडकवायच्या, थैली पाठीवरच्या पिशवीत बसवायची, झडपा बंद करून पिन घालायची आणि शेवटी ‘पायलट शूट’ म्हणजे पिल्लू पॅराशूट त्याच्या खिशात सरकवायचं. हेच पिल्लू हवेत फेकलं, की मोठ्याला बाहेर ओढतं.

सरावलेल्या हाताला हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत जमतं. नवशिकीला तास लागतो आणि घामानं अंग निथळतं.

चादरीची घडी वेगळी, ही वेगळी

चादरीवरून मुलीची परीक्षा करू नका, ताई! पॅराशूट दिसायला किती नीटनेटकं भरलंय, यावर त्याचं उघडणं फारसं अवलंबून नसतं. थोडं गबाळं दिसणारं पॅराशूटही छान उघडतं. चालत नाही ती चार-पाच गोष्टींतली चूक. दोऱ्या सरळ हव्यात, स्लायडर वर हवा, वळवायच्या दोऱ्या जागच्या जागी हव्यात आणि पायलट शूटची मधली दोरी ताणून ते ‘तयार’ केलेलं हवं. ही शेवटची गोष्ट विसरली, तर पिल्लू हवेत नुसतं फडफडतं, मोठ्याला ओढून काढायची ताकद त्याच्यात येत नाही. दोऱ्यांत गाठ राहिली तर पॅराशूट वेडंवाकडं उघडून गरगरा फिरू लागतं. दोऱ्यांना नुसता पीळ पडला असेल, तर पाय मारून तो बहुतेक वेळा सोडवता येतो. विद्यार्थिनीला शिकवलेलं असतं, की साधारण अडीच हजार फुटांपर्यंत काय तो निर्णय घ्यायचा. त्याखाली विचार करत बसायचं नाही.

धोका आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो किती, हेही पाहावं. तिथल्या स्कायडायव्हिंग संघटनेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा जण दगावले. अशा अपघातांचे अहवाल पाहिले तर आणखी एक गोष्ट कळते. बरेच अपघात पॅराशूट चांगलं उघडल्यानंतर, उतरताना घाईनं किंवा खूप खाली असताना वळण घेतल्यानं होतात. म्हणजे काळजी घडीची करावीच, पण तेवढ्यावर थांबून चालत नाही.

दोन देश, दोन रीती

‘स्वतः भरू नये’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं उगाचच नाही. नवशिकीचं डोकं आधीच भरलेलं असतं. विमानातून बाहेर कसं पडायचं, उंची कधी पाहायची, उतरायचं कुठे, वारा कुठून. त्यात घडीची भर. शेजारून कुणी हाक मारली आणि लक्ष विचलित झालं, की एखादी पायरी राहिलीच. पुढचं विमान सुटतंय म्हणून घाई केली, तर झालंच कल्याण! शिवाय हवेत गेल्यावर ‘मी ती दोरी ताणली होती ना?’ ही शंका मन कुरतडते ती वेगळीच. पॅकर दिवसाला कितीतरी पॅराशूटं भरतो, त्याचा हात बसलेला असतो.

दुसऱ्या पक्षाचंही ऐकून घ्या. पॅकरला नगावर पैसे मिळतात, संध्याकाळपर्यंत तोही थकतो. लहान ठिकाणी पॅकर नसतोच. आणि रोज स्वतः भरणारीला आपल्या पॅराशूटची नाडी कळते. कुठली दोरी झिजलीय, कुठे शिवण उसवलीय, कुठलं रबरबँड तुटायला आलंय, हे तिला दिसतं. शिवाय आतलं सगळं हाताखालून गेलं असेल, तर वर डोक्यावर काही बिघडलं तरी काय बिघडलंय ते ओळखता येतं.

लष्करांनीही या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. रशियाच्या हवाई सैन्यात छत्रीधारी सैनिक आपलं मुख्य पॅराशूट स्वतः भरतो. पण एकट्यानं नाही. एकेक टप्पा झाला, की थांबायचं, अधिकारी पाहणार, मगच पुढे. अमेरिकेच्या लष्करात मात्र हे काम खास प्रशिक्षित रिगरचं. सैनिकाच्या हाती तयार पॅराशूट येतं. मात्र त्या रिगरला स्वतःलाही उड्या माराव्या लागतात आणि आपण भरलेलं कुठलंही पॅराशूट घालून उडी मारायची तयारी ठेवावी लागते. रीती दोन, पण मेख एकच! रशियात भरणाऱ्याच्या डोक्यावर दुसरी नजर आहे आणि अमेरिकेत भरणाऱ्याचाही जीव त्यात गुंतवलेला आहे. एकट्या माणसाच्या भरवशावर दोघांनीही सोडलेलं नाही.

सुई-दोऱ्यातून आकाशात

या घडीचा आणि बायकांचा संबंध फार जुना आहे बरं का. जर्मनीची केटे पाउलुस ही १८६८ मध्ये जन्मलेली, शिवणकाम करणारी मुलगी. ती बलूनमधून पॅराशूटनं उड्या मारू लागली. १८९४ मध्ये तिचा जोडीदार हेर्मान लाटेमान याचं पॅराशूट उघडलं नाही आणि तो गेला. दुसरी एखादी घरी बसली असती. केटे पुन्हा उभी राहिली आणि पुढची कित्येक वर्षं उड्या मारत राहिली. पॅराशूट घडी करून पिशवीत भरायची पद्धत बसवण्याचं मोठं श्रेय तिला देतात. पहिल्या महायुद्धात तिनं जर्मन सैन्यासाठी सुमारे सात हजार पॅराशूटं तयार केली.

अमेरिकेची जॉर्जिया ब्रॉडविक तर कापसाच्या गिरणीत राबणारी मुलगी. इतकी ठेंगणी, की सगळे तिला ‘टायनी’ म्हणत. १९०८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी तिनं बलूनमधून पहिली उडी मारली. १९१३ मध्ये विमानातून उडी मारणारी ती पहिली स्त्री ठरली. १९१४ मध्ये सैन्याला प्रात्यक्षिक दाखवताना तिच्या पॅराशूटची विमानाला बांधलेली दोरी शेपटात अडकली. पुढच्या उडीला तिनं ती दोरीच कापून टाकली आणि हवेत पडता पडता स्वतःच्या हातानं पॅराशूट उघडलं. आजचे स्कायडायव्हर करतात ते हेच.

दुसऱ्या महायुद्धात तर ब्रिटनच्या हवाई दलाच्या महिला शाखेतल्या मुली लांबलचक टेबलांवर दिवसभर पॅराशूटं भरत. ज्याच्या पाठीवर ते जाणार त्याचं तोंडही त्यांनी पाहिलेलं नसायचं. पण आपल्या हातून एक दोरी चुकली तर कुणाच्या तरी घरी तार जाणार, हे त्यांना ठाऊक असायचं.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. हवाई दलातल्या डॉक्टर गीता चंदा यांनी १९५९ मध्ये पॅराशूटनं उडी मारली आणि त्या भारतातल्या पहिल्या महिला छत्रीधारी ठरल्या. पुढे रॅचेल थॉमस यांनी स्कायडायव्हिंगमध्ये नाव कमावलं. त्यांना २००५ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि आपल्या पुण्याच्या शीतल महाजन! १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तर २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली. निऱ्या सांभाळत आकाशातून उतरणं कसं असतं ते त्यांनाच विचारावं!

दुसरी नजर हवीच

घडी चांगली घातली म्हणजे संपलं, असंही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये एका अनुभवी स्कायडायव्हर महिलेचं मुख्य पॅराशूटही नीट उघडलं नाही आणि राखीवही. सुमारे चार हजार फुटांवरून ती नांगरलेल्या शेतात कोसळली. अनेक हाडं मोडली, पण जीव वाचला. तपासात निघालं, की दोन्ही पॅराशूटांत मुद्दाम छेडछाड केली होती. आणि ती करणारा होता तिचा स्वतःचा नवरा. २०१८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. अशी घटना लाखात एखादी. पण भरलेलं पॅराशूट कुठे पडलंय, कुणाच्या हाती आहे, यालाही महत्त्व आहे, एवढं तिच्यातून घ्यावं. म्हणूनच चांगल्या ठिकाणी घालण्याआधी, घातल्यावर आणि विमानातून बाहेर पडण्याआधी पुन्हा, अशी तीन वेळा तपासणी होते. पिन, हँडलं, पट्टे, एकेक गोष्ट. आणि त्यातली निदान एक तरी दुसऱ्याच्या डोळ्यांनी.

मग उत्तर काय?

माझं मत विचाराल तर पहिल्या काही उड्यांना नवशिकीनं भरू नये, पण भरणं पाहायला मात्र पहिल्या दिवसापासून बसावं. उड्या मारून हात-पाय जरा स्थिर झाले, की जाणकाराच्या नजरेखाली भरायला शिकावं. परवाना मिळेपर्यंत प्रत्येक घडी कुणाला तरी दाखवूनच पिन घालावी. पुढे सोय म्हणून पॅकरकडून भरून घेतलं तरी हरकत नाही. पण येत नाही म्हणून दुसऱ्याकडून भरून घेणं आणि येत असून भरून घेणं, यात फरक आहे. पहिलीला समोर ठेवलेलं निमूट पाठीवर चढवावं लागतं. दुसरी म्हणू शकते, ‘थांबा, ही दोरी मला बरी दिसत नाही.’

आपल्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या मुलीनं हा छंद घेतला, तर नुसतं ‘नको गं बाई’ म्हणण्यापेक्षा हे प्रश्न विचारा:

– राखीव पॅराशूट कुणी भरलंय? सील आणि कार्डावरची तारीख तू स्वतः पाहिलीस का?
– आपोआप उघडणारं यंत्र बसवलंय का? ते सुरू आहे हे कोण पाहतं?
– तू भरतेस तेव्हा टप्प्याटप्प्यानं कोण तपासतं?
– मधेच कुणी हाक मारली तर तू पुन्हा पहिल्यापासून सुरू करतेस ना?
– घाई असेल तर ‘मी पुढच्या विमानानं येते’ असं तिथे म्हणता येतं का? म्हटलं तर कुणी हसत नाही ना?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जिथे घाई करणाऱ्याचं कौतुक आणि थांबणाऱ्याची चेष्टा होते, ती जागा सोडलेली बरी, मग तिथली विमानं कितीही नवी असोत.

आपल्यापैकी किती जणी विमानातून उडी मारणार? फारच थोड्या. पण गॅसची नळी आपण बदलवून घेतो तेव्हा ती नीट बसलीय का हे साबणाचं पाणी लावून आपल्याला पाहता येतं का? स्कूटीचे ब्रेक मेकॅनिकनं ठीक केले म्हटल्यावर आपण गल्लीत एकदा दाबून बघतो का? ज्या कागदावर सही करतो तो वाचतो का? सगळं स्वतःच करायचा हट्ट नको, पण आपला भार ज्याच्यावर आहे ते आतून कसं असतं, एवढं तरी शिकून घ्यायला काय हरकत आहे?